एक जूनची पोरं

दर पाच सप्टेंबरला सकाळी साडेसातच्या आत दिनेशचा फोन येतो. "सर, हॅपी टीचर्स डे. आज जो काही आहे तो तुमच्यामुळे." दिनेश पुण्याला एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर आहे. स्वतःचा फ्लॅट, गाडी, सगळं. बाप परळच्या एका टॉवरचा वॉचमन होता, नेपाळचा. मी "सुखी रहा रे बाबा" म्हणतो, फोन ठेवतो, आणि मग सबंध दिवस माझं डोकं ठिकाणावर नसतं. कारण दिनेशसाठी मी काहीएक केलेलं नाही. मी फक्त आळस केला होता. माझ्या आळसावर त्याचं आयुष्य उभं राहिलं आणि मेस्त्री बाईंच्या मेहनतीने एका पोरीचं बसलं. हे झालं असं, आणि मी ते होऊ दिलं.

आमची शाळा लालबाग आणि परळच्या मधोमध, महापालिकेची, मराठी माध्यमाची. गिरणी कामगारांची पोरं होती तोवर तीन मजले गच्च असायचे. गिरण्या गेल्या, कोकणातली कुटुंबं डोंबिवली-विरारकडे पांगली, जी उरली त्यांनी पोरांना इंग्लिश मिडीयमला घातलं. मग आमच्या बाकांवर आली ती इस्त्रीवाले, वॉचमन, गवंडी, हातगाडीवाले यांची पोरं. कुणी यूपीतल्या गोंड्याचं, कुणी गुलबर्ग्याचं, कुणी नेपाळचं. त्यांच्या जिवावर शाळा चालू राहिली, आमचे पगार चालू राहिले, आणि स्टाफरूममध्ये त्यांच्याच नावाने बोटं मोडली जायची. "ही शिकायला येत नाहीत हो, खिचडी खायला येतात," हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायला नको.

मेस्त्री बाई त्या वेळी शेजारच्या वर्गावर. उंचीने बेताच्या, आवाज मात्र खालच्या रस्त्यावरच्या बसवाल्यालाही ऐकू जाईल असा. कानावर पेन खोचलेलं. वर्गात खुर्चीवर बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही. वडील तिथल्याच एका गिरणीत एकतीस वर्षं होते, त्यामुळे बाईंचा जन्म, लग्न, संसार सगळं लालबागमध्ये. साडी नेसून वर्गात शुद्ध मराठी बोलायच्या, पण संतापल्या की मालवणीत शिरायच्या. "मेल्या, तुका काय कळता?" हे त्या शाळा तपासायला येणाऱ्या आमच्या बीट ऑफिसरलाही बोलल्या होत्या आणि तो बिचारा देवगडचा निघाला, म्हणून निभावलं. भोजपुरी भांडता येईल इतकी येत होती. कन्नड शिव्या कळत होत्या. एप्रिल-मेमध्ये आम्ही सुट्टीची वाट बघायचो आणि ह्या फुटपाथ, बांधकामाच्या साइट, जिन्याखालच्या खोल्या पालथ्या घालत पोरं गोळा करायच्या.

पण बाईंचं खरं खूळ वेगळंच होतं. तारखा.

आमच्याकडे पोरगं दाखल करताना त्याचं नाव, पत्ता, जन्मतारीख ज्या जाड पुस्तकात चढते ते जनरल रजिस्टर. एकदा तिथे तारीख चढली की ती जन्माची चिकटली. दाखला, दहावी, नोकरी, सगळीकडे तीच. या पोरांचे जन्म झालेले गावाकडे, शेतावर, खोपटात. कागद कुठला असणार? मग मास्तर काय करतो? पोराकडे बघतो, सहा वर्षांचं वाटलं की सहा वर्षं मागे जातो आणि एक जून टाकतो. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं म्हणून एक जून. ही रीत माझ्या आधीच्या मास्तरांची, त्यांच्या आधीच्यांची. अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलाय.

बाईंना हे सहन व्हायचं नाही. पोराची खरी तारीख हुडकून काढल्याशिवाय त्या पेन उघडायच्या नाहीत. घरी जायच्या, आईसमोर बसकण मारायच्या आणि पोलिसासारखी चौकशी. "हा झाला तेव्हा थंडी होती की ऊन? छठ होऊन गेली होती? किती दिवस? चंद्र होता का आभाळात? शेजारी कुणाचं लग्न होतं?" आया आधी हसायच्या, मग आठवायला लागायच्या, मग शेजारणीला हाक मारायच्या. एकेका पोराच्या जन्मावर अख्खी गल्ली भांडायची. बाई सगळं एका लांबट वहीत टिपायच्या आणि घरी जाऊन जुनी कॅलेंडरं काढायच्या. त्यांच्या घरी वीस-पंचवीस वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं सुतळीने बांधून माळ्यावर ठेवलेली. तिथी लावायच्या, वार जुळवायच्या, पुन्हा जाऊन विचारायच्या. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये ठसठशीत अक्षरात तारीख.

मी एकदा म्हटलं, "बाई, काय फरक पडतो हो?"

"तुम्हाला नाही पडत. तुमची पत्रिका असेल, चार वाजून किती मिनिटांनी ते."

होतीच. फणसवाडीतल्या आमच्या घरात चार पिढ्यांच्या पत्रिका पितळी डब्यात आहेत. माझी वेळ पहाटे चार वाजून बारा मिनिटं.

आणि तारीख नुसती लिहून ठेवायच्या नाहीत. ज्याचा वाढदिवस, त्याने त्या दिवशी बाईंच्या खुर्चीवर बसून वर्गाची हजेरी घ्यायची. शेंबडं पोरगं, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि कानावर बाईंचं पेन. एकेक नाव पुकारतंय. शेवटी बाईंचं नाव घ्यायचं. "मेस्त्री बाई!" आणि बाई मागच्या बाकावरून उभ्या राहून, "हजर, सर!" सुट्टीत ज्यांचे वाढदिवस, त्यांच्यासाठी जूनमधला शाळेचा पहिला आठवडा राखून ठेवलेला. आम्ही बाजूच्या वर्गातून ऐकायचो. मी हसायचो. हसण्यामागे पोटदुखी होती हे आज कबूल करतो. माझ्या वर्गातलं एकही पोरगं माझ्यासाठी तसं खिदळायचं नाही.

पूनम आली ती याच खुळातून. तिचा बाप दोन टॉवरच्या मधल्या गल्लीत इस्त्रीचं टेबल लावायचा. पोरगी टेबलाखाली बसून कपड्यांच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायची, शाळेत न जाता. बाईंनी तिला तिथून उचलली. तारीख विचारली तर आई म्हणाली, "ज्या दिवशी गिरणीची चिमणी पाडली त्या दिवशी. रस्ता बंद केला होता, दवाखान्यात जाऊ देईनात, खोपटातच झाली."

चिमणी पाडली त्याला सहा वर्षं झालेली. तारीख कुणाला आठवणार? बाई जुन्या वॉचमनला भेटल्या, त्या लायनीतल्या किराणावाल्याला भेटल्या, कुणाचं कुणाशी जुळेना. शेवटी घरी माळ्यावरची कॅलेंडरं काढली आणि मे महिन्याच्या पानावर, तेवीस तारखेच्या चौकोनात, त्यांच्या वडिलांचं अक्षर सापडलं. 'चिमणी पडली.' वडील त्याच गिरणीत होते. वर्षभरापूर्वी वारलेले. बाई दुसऱ्या दिवशी ते कॅलेंडर घेऊन शाळेत आल्या, मला दाखवलं, आणि रडल्या. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. "अप्पांनी लिहून ठेवलं हो पोरीसाठी," म्हणाल्या. रजिस्टरमध्ये पूनमच्या नावापुढे तेवीस मे चढली.

पोरगी भलतीच निघाली. तिसरीत असताना सातवीच्या पोरांची गणितं सोडवायची. मराठी असं बोलायची की माझ्या आईला फोनवर ती गिरगावातली वाटली. बाई तिला घरी न्यायच्या, पुस्तकं द्यायच्या, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त ओरडायच्या. "तू डॉक्टर होणार. चार गल्ल्या सोडून हॉस्पिटलं आहेत, रोज बघतेस ना? तिथे पांढरा कोट घालून जायचं." पूनम मान हलवायची. तिला ते खरंच वाटायचं. आम्हालाही वाटायला लागलं होतं.

आता माझा राग. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूनम चौथीत होती त्या वर्षी स्टाफरूममध्ये बाईंच्या हाती माझ्या वर्गाची यादी लागली. त्यांनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली. चौतीस पोरं, त्यातली एकोणतीस एक जूनची. "काय हो विजयकर सर, या सगळ्यांच्या आया एकाच दिवशी एकाच वॉर्डात बाळंत झाल्या काय? आणि सुईण तुम्हीच?" सगळा स्टाफ खो खो हसला. शिपाईसुद्धा. मीही हसलो, चहा संपवला आणि मनात ठेवलं. पुढच्या वर्षी माझी नोकरी बाईंच्या आधी लागलेली म्हणून प्रभारी मुख्याध्यापक मी झालो, आणि जनरल रजिस्टरच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात आली.

त्याच वर्षी, पूनम पाचवीत असताना, नाशिककडच्या एका ट्रस्टच्या निवासी शाळेची परीक्षा आली. सहावी ते बारावी राहणं, खाणं, शिक्षण फुकट. आमच्या शाळेला जागा एकच. आठ पोरं बसली. पूनम पहिली आली. मीच दाखल केलेला दिनेश दुसरा, खूप मागे. बाईंनी शाळाभर पेढे वाटले. इस्त्रीवाल्याने त्या दिवशी टेबल लावलं नाही.

मेमध्ये कागद तपासायला माणूस आला. अट होती, एकतीस मेपर्यंत अकरा वर्षं पूर्ण झालेली नसावीत. ती अट फॉर्मच्या मागे छापलेली होती, मी वाचली नव्हती, बाईंनीही नाही. पूनमला अकरा पूर्ण होऊन आठ दिवस जास्त होत होते. दिनेशची एक जून. एका दिवसाने तो बसत होता. नियम करणाऱ्यालाही अर्धा महाराष्ट्र कधी जन्मतो हे ठाऊक असावं. आठातली बाकीची सात पोरं माझ्याच हातची, एक जूनची होती, सातही बसत होती. जिची तारीख खरी होती तेवढी एकटी बाहेर.

त्या माणसाने तीन दिवसांची मुदत दिली. बाई त्याच दुपारी माझ्या केबिनमध्ये आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"सर, पूनमची तारीख बदलायची. एक जून करा."

"पुरावा काय?"

"खोट्याचा पुरावा कुठून आणू?"

"मग कसं करणार बाई? खरी तारीख तुम्हीच शोधलीत. वडिलांच्या कॅलेंडरसकट. मी तिला खोटी कुठल्या तोंडाने म्हणू?"

"सर, पोरीचा जन्म आहे हो पुढचा. लाल शाईने दुरुस्ती करा, मी लिहून देते की माझी चूक झाली. चौकशी लागली तर मला लागू दे. नोकरी गेली तरी चालेल."

"नियम आहे बाई."

त्यांनी हात जोडले. त्या बाईने, जिने कुणापुढे मान वाकवली नव्हती, माझ्यापुढे हात जोडले. आणि मला, सांगायला लाज वाटते, पण मला त्या क्षणी बरं वाटलं. सुईण मीच का, हे शब्द माझ्या कानात होते. मी म्हणालो, "एक जून लिहिणाऱ्यांना तुम्ही हसता ना?"

दुरुस्ती करता आली असती. त्याच वर्षी मी दोनदा केली होती, एकदा नगरसेवकाच्या ड्रायव्हरच्या पोरासाठी. लाल शाई, सही, वरून मंजुरीचं एक पत्र. दोन दिवसांचं काम. मी केलं नाही. नियम, चौकशी, प्रभारी पद, सगळी कारणं मी त्या वेळी स्वतःला सांगितली. त्यातलं एकही खरं नव्हतं. मला त्यांची जिरवायची होती. जिरवायला गेलो त्यांची आणि मोडली पोरगी, जिने माझं काही वाकडं केलं नव्हतं.

दिनेश गेला नाशिकला.

पूनमचा बाप शाळेत आला. चांगला माणूस, आवाज चढवला नाही. बाईंना इतकंच म्हणाला, "बाईजी, सबका एक जून है. हमारी बच्ची का एक जून लिख देतीं तो क्या बिगड़ता?" मी शेजारीच उभा होतो. उत्तर माझ्याकडे होतं, पण मी दिलं नाही. बाईंनीही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. तेव्हा नाही, नंतरही कधी नाही. दाखवलं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

पुढच्याच वर्षी त्या गल्लीत सोसायटीने गेट बसवलं, टेबल उठलं, आणि ते कुटुंब नालासोपाऱ्याच्या पलीकडे कुठेतरी गेलं. पूनम आठवीपर्यंत शिकली असं उडत उडत कानावर आलं.

बाई बदलल्या. शिकवणं तसंच, आवाज तसाच. पण ती वही परत दिसली नाही. एका शनिवारी मी त्यांना लालबागच्या रद्दीवाल्याच्या दुकानासमोर पाहिलं. सुतळीने बांधलेला गठ्ठा तराजूत होता. पुढच्या जूनपासून बाईंच्या वर्गातली नवी पोरंही एक जूनची. हजेरी बाईच घ्यायला लागल्या, उभ्यानेच. एकदा आम्ही दोघं भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला उभे होतो. डिलिव्हरीवाल्या बाइकवरून एक दाढीवाला तरुण ओरडला, "बाई, आज माझा! वळखलात काय? आज मी हजेरी घेणार!" गुलबर्ग्याच्या गवंड्याचा पोरगा तो, बाईंचा जुना विद्यार्थी. पाच-सात वर्षांनंतरही तारीख लक्षात ठेवून होता. बाईंनी मान फिरवली आणि सिग्नल हिरवा असतानाच रस्ता ओलांडायला लागल्या. मी हाताला धरून मागे ओढलं. त्यांनी हात सोडवून घेतला.

मधे माझी भायखळ्याला बदली झाली, मग परत याच शाळेत मुख्याध्यापक म्हणून आलो. बाईंच्या निवृत्तीचे कागद मलाच करायचे होते. सर्व्हिस बुक उघडलं आणि पहिल्या पानावर थांबलो. जन्मतारीख : एक जून.

मी त्यांना बोलावलं. "बाई, तुमचीसुद्धा?"

"मग? गिरणी कामगाराची पोर. आई चौथ्या बाळंतपणात गेली, अप्पांना विचारलं तर म्हणायचे, आंबे संपले होते आणि गणपती यायचे होते. शाळेत दादा घेऊन गेला, मास्तरांनी एक जून टाकली." सर्व्हिस बुक आपल्याकडे ओढत म्हणाल्या, "वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस असायचा. परीटघडीचा फ्रॉक घालून यायची, गोळ्या वाटायची. मी घरी येऊन विचारायचे, माझा कधी? अजून माहीत नाही."

बास, इतकंच. सही केली आणि वर्गावर गेल्या.

एक जूनचा जन्म म्हणजे निवृत्ती एकतीस मेला. शाळेला सुट्टी, पोरं नाहीत, स्टाफ गावाला. निरोप समारंभ जूनमध्ये करू म्हटलं तर बाई "नको" म्हणाल्या. शेवटच्या दिवशी त्या आणि मी, दोघंच, ऑफिसात. त्या नव्या प्रवेशांच्या नोंदी करत होत्या. साडेअकराच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. निळा युनिफॉर्म, केसांना जाळी, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. वॉर्डात पेशंटना चाकाच्या खुर्चीतून नेतात, चादरी बदलतात, त्या मावशी असतात ना, तशी. वय पंचविशीचं. बोटाला धरून एक मुलगी.

मी ओळखलं नाही. बाईंनी दारातल्या सावलीवरून ओळखलं. "पूनम."

"हो बाई. इथेच लागलेय, हॉस्पिटलात. मुलीला घालायची होती पहिलीत."

दोघी रडतील, गळ्यात पडतील असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. बाईंनी खुर्ची सरकवून दिली, पूनम बसली. नाव लिहिलं, आईचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग पेन थांबलं.

"जन्माचा दाखला?"

"नाही. गावाला झाली, घरी. एक जून लिहा, बाई."

बाईंनी वर पाहिलं नाही. "खरी कधीची?"

पूनमने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक असावं, लाल शाईसकट. "लिहिणार असाल तर नाही सांगत," ती म्हणाली.

बाईंनी पेनाला टोपण लावलं, कानावर खोचलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. "नाही लिहीत. सांग."

पूनमने सांगितली. तारीख, वार, वेळ. सूर्य उगवायला किती होता ते. बाहेर कुणाची म्हैस सुटली होती ते. सगळं पाठ होतं तिला. ती बोलत असताना बाईंच्या तोंडावर जे होतं ते मी वीस वर्षांपूर्वी पाहिलेलं, फुटपाथवर कुठल्याशा आईसमोर बसलेल्या असताना. पोरगी टेबलाला हनुवटी टेकवून ऐकत होती. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला, कानावरचं पेन काढलं, आणि रजिस्टरमध्ये त्याच ठसठशीत अक्षरात एक जून लिहिली.

मग रजिस्टर फिरवून माझ्यापुढे सरकवलं. "सर, सही."

पुरावा काय, असं मी विचारलं नाही. मी सही केली.